वाचकांचे प्रश्न : तापलेली धाव सैल का होते?

प्रश्न : माझ्या लहानपणी गावातला लोहार बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवीत असे. धाव चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहानच केलेली असे. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवली की चाकावर बसे, आणि वरून पाणी ओतले की चाकाला करकचून आवळी. नातीच्या विज्ञानाच्या पुस्तकात याचे कारण असे दिले आहे की, उष्णतेने अणूंची कंपने वाढतात, त्यांना जास्त जागा लागते आणि म्हणून पदार्थ प्रसरण पावतो. त्यावर नात म्हणाली, ‘‘आजोबा, कंपन म्हणजे जितके पुढे तितकेच मागे. मग मधली जागा बदलते कशी?’’ या प्रश्नाचे उत्तर मिळेल का?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या नातीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ‘कंपने वाढली म्हणून जागा जास्त लागली’ हे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या छापले जात आहे. त्यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे, पण दुसरा पहिल्यातून आपोआप निघत नाही. कंपने नुसती वाढली आणि ती दोन्ही बाजूंना अगदी सारखी राहिली, तर धाव कितीही तापवली तरी तिची लांबी केसभरही वाढणार नाही. प्रसरणाचे खरे कारण कंपनाच्या मोठेपणात नाही, ते कंपनाच्या एकांगीपणात आहे.

आधी धावेच्या आत काय आहे ते पाहू. लोखंडात शेजारशेजारच्या दोन अणूंच्या केंद्रांमधले अंतर सुमारे ०.२४८ नॅनोमीटर असते. म्हणजे एका मिलिमीटरच्या रेषेत सुमारे ४० लाख अणू मावतात. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर जवळजवळ ३८३ सेंटीमीटर भरतो आणि या घेरावर अणूंची एक रांग मनाने मांडली, तर तिच्यात सुमारे दीड हजार कोटी अणू येतील. हे अणू थंड लोखंडातही स्वस्थ बसलेले नसतात. आपापल्या जागेभोवती ते सेकंदाला काही लाख कोटी वेळा थरथरत असतात, आणि खोलीच्या तापमानाला ही थरथर दोन अणूंमधल्या अंतराच्या साधारण चार-पाच टक्के इतकी असते. आपण ज्याला धातूचे तापमान म्हणतो ते या थरथरीतल्या ऊर्जेचेच मोजमाप आहे. जाळातून उष्णता धावेत शिरते याचा अर्थ या कंपनांना ऊर्जा मिळते, आणि ऊर्जा मिळाली की कंपने मोठी होतात. इथपर्यंत पुस्तकाचे म्हणणे रास्त आहे.

आता दोन शेजारी अणूंचा परस्परसंबंध पाहावा. धातूत सुटे इलेक्ट्रॉन सर्व अणूंच्या मधून फिरत असतात आणि त्यांच्यामुळे अणू एकमेकांना धरून राहतात. ही ओढ अंतराबरोबर कमी होते, पण हळूहळू कमी होते. उलट दोन अणू एकमेकांच्या फार जवळ आले की त्यांच्या आतल्या इलेक्ट्रॉनांचे कवच एकमेकांत शिरू पाहते. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, हा वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडलेला नियम तिथे आडवा येतो, आणि अंतर जरासे घटले तरी विरोध झपाट्याने वाढतो. ओढ आणि विरोध जिथे तंतोतंत तोलले जातात, तिथे अणूची विश्रांतीची जागा ठरते. मात्र त्या जागेच्या दोन बाजू सारख्या नसतात. आत ढकलायला फार जोर लागतो आणि बाहेर ओढायला त्यामानाने कमी. एखाद्या दरीची एक बाजू कड्यासारखी उभी आणि दुसरी ऐसपैस उताराची असावी, तसा हा ऊर्जेचा खळगा असतो. अणूजवळ ऊर्जा अगदी थोडी असेल तेव्हा तो तळाशीच हालचाल करतो, आणि तिथे दोन्ही बाजू जवळपास सारख्या असल्याने मध्य ढळत नाही. ऊर्जा वाढली की तो दोन्हीकडे वर चढतो. पण कड्याच्या बाजूला तो थोडेसेच पुढे जाऊन परततो आणि उताराच्या बाजूला बराच लांब जाऊन, तिथे जास्त वेळ रेंगाळून मग परततो. हेलकाव्याचा मध्यबिंदू त्यामुळे बाहेरच्या बाजूला सरकतो. दोन अणूंमधले सरासरी अंतर वाढते ते असे.

आपली नात म्हणते ती अट, म्हणजे जितके पुढे तितकेच मागे, ही आदर्श स्प्रिंगची अट आहे. त्या स्प्रिंगचे बल विस्थापनाच्या प्रमाणात असते आणि दोन्ही दिशांना सारखे असते. घन पदार्थांचे अनेक गुणधर्म अणूंमध्ये अशा स्प्रिंगा आहेत असे मानून उत्तम समजतात, परंतु प्रसरण मात्र त्या गणितातून शून्य येते. म्हणून तापलेली धाव वाढते हाच अणूंमधली बले दोन्हीकडे सारखी नसल्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे, आणि मला स्वतःला या साऱ्या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. लोहाराच्या अंगणात उभे राहून, कुठलेही यंत्र न लावता, अणूंच्या परस्परबलांचा आकार आपल्याला कळतो.

आकड्यांत सांगायचे तर खोलीच्या तापमानाच्या आसपास लोखंड दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या १२ दशलक्षांश भागाने वाढते आणि तापमान चढते तसा हा दरही थोडा चढतो. धाव अंधुक लाल होईपर्यंत, म्हणजे सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवली, तर दोन अणूंमधले सरासरी अंतर ०.२४८ वरून जेमतेम ०.२५० नॅनोमीटरवर जाते. त्याच वेळी अणूंची थरथर मात्र पहिल्यापेक्षा दीडपटीहून अधिक झालेली असते. कंपन इतके वाढूनही अंतरात एक टक्क्याहून कमी फरक पडतो, यावरूनही ‘जास्त जागा लागते’ हे स्पष्टीकरण अपुरे असल्याचे दिसते. तरीही दीड हजार कोटी अणूंच्या रांगेत ही चिमूटभर वाढ साठत गेली की घेर सुमारे तीन सेंटीमीटरने वाढतो, आणि तेवढ्यावरच लोहाराचे सगळे कसब उभे असते. धाव किती लहान ठेवायची याचा त्याचा अंदाज चुकला तर ती एक तर चढत नाही किंवा चढूनही सैल राहते.

हाच विचार पुढे नेला की आणखी एक गोष्ट उलगडते. ज्या धातूत अणूंची पकड घट्ट, म्हणजे ऊर्जेचा खळगा खोल, त्यात तेवढ्याच उष्णतेने अणू खळग्यात फार वर चढत नाहीत. म्हणून तो धातू कमी प्रसरण पावतो आणि वितळायलाही जास्त तापमान मागतो. शिसे दर अंशाला सुमारे २९ दशलक्षांश वाढते आणि ३२७ अंशांना वितळते. टंगस्टन दर अंशाला केवळ साडेचार दशलक्षांश वाढते आणि वितळायला ३४२२ अंश घेते. परम शून्यापासून, म्हणजे उणे २७३.१५ अंशांपासून, वितळणबिंदूपर्यंतची एकूण वाढ मोजली, तर या दोन्ही टोकाच्या धातूंत आणि मधल्या बहुतेक धातूंत ती लांबीच्या दोन टक्क्यांच्या आसपासच भरते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एडुआर्ट ग्र्युनाइझेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रसरण, उष्माधारकता आणि अणूंची पकड यांचा जो संबंध लावला, त्यातून हे साम्य समजते.

पाणी ओतल्यावर काय होते तेही सांगायला हवे. थंड होताना अणूंना पुन्हा ०.२४८ नॅनोमीटरवर यायचे असते, पण मध्ये चाक असते. धाव आपल्या मूळ मापावर येऊ शकत नाही, तिचे अणू किंचित ताणलेल्या अंतरावरच अडकून राहतात, आणि तो ताण आरे, तुंबा आणि घेराचे लाकूड यांना एकमेकांत दाबून धरतो. एका अणूची ओढ नगण्य असते. परंतु पाच सेंटीमीटर रुंद आणि एक सेंटीमीटर जाड धावेच्या छेदात सुमारे ८० कोटी कोटी अणू असतात आणि ते सर्व एकाच दिशेने ओढत असतात.

प्रश्न : लोखंड सर्व बाजूंनी वाढते, तर धावेची पट्टी आतल्या बाजूलाही जाड व्हायला हवी आणि मधले भोक लहान व्हायला हवे. तसे का होत नाही?
— अकरावीची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पट्टी आतल्या बाजूलाही जाड होते, हे आपले म्हणणे खरे आहे, तरीही भोक मोठेच होते. भोकाच्या काठावर बसलेल्या अणूंची रांग पाहा. तापवल्यावर त्या रांगेतल्या प्रत्येक दोन शेजाऱ्यांमधले अंतर वाढणार आहे. वर्तुळाकार रांगेतले प्रत्येक अंतर वाढले, तर वर्तुळाचा परीघ वाढलाच पाहिजे आणि परीघ वाढला की व्यासही वाढतो. भोक लहान व्हायचे असेल, तर काठावरच्या अणूंना एकमेकांच्या जवळ यावे लागेल, आणि तापलेल्या लोखंडात नेमके त्याच्या उलट घडत असते. पट्टीची जाडी एक सेंटीमीटर असेल, तर तिच्यातली वाढ एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. परिघातली वाढ काही सेंटीमीटर असते. लोणच्याच्या बरणीचे घट्ट बसलेले पत्र्याचे झाकण गरम पाण्यात धरल्यावर सुटते, ते याच कारणाने.

प्रश्न : उष्णतेने अणू स्वतः फुगतात का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. अणूचे आकारमान त्याच्या इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांवर ठरते आणि बहुतेक अणूंत इलेक्ट्रॉनाला वरच्या अवस्थेत उचलायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. खोलीच्या तापमानाला उष्णतेतून एका अणूच्या वाट्याला येणारी ऊर्जा त्याच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याची असते आणि भट्टीतही ती दोन-चार पटींनीच वाढते. बदलतात ती अणूंमधली अंतरे.

प्रश्न : थंडीच्या दिवसांत काचेच्या जाड ग्लासात उकळता चहा ओतला की तो तडकतो, पण प्रयोगशाळेतले पातळ चंचुपात्र थेट ज्योतीवर ठेवले तरी टिकते. दोन्ही काचच, मग असे का?
— एक गृहिणी, इंदूर

उत्तर : येथे दोन गोष्टी एकत्र काम करतात. पहिली म्हणजे काचेतून उष्णता फार सावकाश पुढे सरकते. धातूत सुटे इलेक्ट्रॉन उष्णता वाहून नेतात. काचेत ती सोय नसते, आणि एका अणूचे कंपन शेजाऱ्याला, त्याचे त्याच्या शेजाऱ्याला, अशा मार्गानेच तिला जावे लागते. त्यातही काचेतली अणूंची रचना अस्ताव्यस्त असल्याने ही कंपने जागोजाग विखुरतात. लोखंड काचेच्या कित्येक पटींनी अधिक चांगले उष्णतावाहक आहे. म्हणून चहा ओतल्यावर ग्लासाचा आतला थर तत्काळ तापतो आणि बाहेरचा थंडच राहतो. आतल्या थरातल्या अणूंना अंतरे वाढवायची असतात, बाहेरचा थर त्यांना वाढू देत नाही. परिणामी आतला दाबाखाली आणि बाहेरचा ताणाखाली येतो. काच दाब पुष्कळ सोसते, पण ताण तिला मुळीच सोसत नाही, कारण तिच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे बारीक ओरखडे असतात आणि ताण त्यांच्या टोकाशी एकवटतो. म्हणून उकळते पेय आत ओतले तरी तडा बहुधा बाहेरच्या पृष्ठभागापासून सुरू होतो. काच जितकी जाड, तितका आतबाहेरचा फरक जास्त वेळ टिकतो, त्यामुळे जाड ग्लास मजबूत असेल ही समजूत या बाबतीत उपयोगी पडत नाही.

दुसरी गोष्ट काचेच्या जातीची. नेहमीच्या ग्लासाची सोडा-चुन्याची काच दर अंशाला सुमारे ९ दशलक्षांश वाढते. चंचुपात्रे बोरोसिलिकेट काचेची असतात. ही काच जर्मनीत ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केली. तिच्यात सोडा कमी आणि बोरॉनचे ऑक्साइड असते, अणूंचे जाळे अधिक सलग असते, आणि तिचे प्रसरण ३.३ दशलक्षांश, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचे असते. तेवढ्याच तापमानफरकाला तिच्यात ताणही तेवढाच कमी निर्माण होतो. शुद्ध सिलिकाच्या काचेचे प्रसरण तर अर्ध्या दशलक्षांशाच्या आसपास असते, आणि ती लाल तापवून थंड पाण्यात बुडवली तरी तडकत नाही. घरच्या ग्लासापुरते सांगायचे तर आधी कोमट पाण्याने तो विसळून घ्यावा, म्हणजे बाहेरच्या थराला तापायला अवधी मिळतो.

प्रश्न : तापवल्यावर आकसणारा एखादा पदार्थ असतो का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : असतो, आणि असे पदार्थ मला प्रसरणाइतकेच शिकवून जाणारे वाटतात. सर्वांच्या परिचयाचे उदाहरण पाण्याचे आहे. बर्फ वितळून झालेले पाणी ० पासून सुमारे ४ अंशांपर्यंत तापवले तर आकसते. बर्फात पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना विशिष्ट कोनांत धरून ठेवतात आणि त्या रचनेत मध्ये बरीच रिकामी जागा राहते. बर्फ वितळल्यावरही या रचनेचे अवशेष पाण्यात टिकून असतात. तापमान वाढते तसे ते मोडत जातात, रेणू रिकाम्या जागांत शिरतात आणि आकारमान घटते. त्याच वेळी नेहमीचे प्रसरणही चालू असतेच. ४ अंशांपर्यंत मोडण्याचा परिणाम वरचढ ठरतो, पुढे प्रसरण वरचढ होते.

लोखंडातही असा एक टप्पा आहे. ९१२ अंशांना लोखंडाचे अणू आपली मांडणी बदलतात आणि आधीपेक्षा अधिक दाटीच्या रचनेत बसतात. त्यामुळे तापत असतानाच त्याचे आकारमान सुमारे एक टक्क्याने घटते आणि मग नव्या रचनेत पुन्हा वाढू लागते.

झिर्कोनियम टंगस्टेट या संयुगाचे उदाहरण याहून निराळे आहे. १९९६ मध्ये अमेरिकेतील ऑरेगॉन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की ते परम शून्याजवळून सुमारे ७७७ अंश सेल्सिअसपर्यंत सर्व दिशांनी सारखे आकसत जाते. त्यात दोन धातूअणूंच्या मध्ये ऑक्सिजनचा एक अणू दुव्यासारखा असतो. हा ऑक्सिजन दुव्याच्या रेषेत हलण्यापेक्षा रेषेला आडवा अधिक सहज हलतो. तो बाजूला सरकला की दुवा वाकतो, आणि दुव्याची लांबी जवळपास तीच राहत असल्याने त्याची दोन टोके एकमेकांजवळ येतात. उष्णता वाढली की हे आडवे हेलकावे वाढतात आणि धातूअणू आणखी जवळ ओढले जातात. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात मी दोन अणूंना जोडणाऱ्या रेषेतल्याच हालचालीचा विचार केला होता. खऱ्या पदार्थात अणू तिन्ही दिशांना हलतात, आणि कोणत्या दिशेची हालचाल वरचढ होते यावर पदार्थ वाढणार की आकसणार हे ठरते.

या दोन टोकांच्या मध्ये इन्व्हार हे मिश्रधातू आहे. लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल मिसळून पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमापे संस्थेत शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये ते शोधले. ते दर अंशाला एक दशलक्षांशाच्या आसपासच वाढते. त्याच्या चुंबकीय रचनेमुळे थंड अवस्थेत अणू थोडे फाकलेले असतात. तापमान वाढते तशी ती रचना ढिली पडते आणि त्यातून होणारे आकुंचन नेहमीच्या प्रसरणाला जवळजवळ खाऊन टाकते. जमीनमोजणीच्या फिती आणि घड्याळांचे लंबक यांसाठी या धातूचा फार उपयोग झाला, आणि गियोम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रश्न : पूर्वी रुळांच्या जोडात प्रसरणासाठी फट ठेवत आणि गाडीचा खडखडाट ऐकू येई. आता किलोमीटरच्या किलोमीटर रूळ अखंड दिसतात. मग उन्हाळ्यातली वाढ जाते कोठे?
— एक रेल्वेप्रवासी, मनमाड

उत्तर : ती वाढ होऊच दिली जात नाही. मोकळा ठेवलेला एक किलोमीटर रूळ ४० अंशांनी तापला तर ४८ सेंटीमीटर लांब होईल. अखंड रूळ मात्र स्लीपरांना चापांनी आवळलेला असतो, स्लीपर खडीत रुतलेले असतात, आणि दोन टोके वगळता मधला भाग सरकू शकत नाही. तापलेल्या पोलादातल्या अणूंना सरासरी अंतर वाढवायचे असते आणि ते त्यांना वाढवता येत नाही. म्हणून जी वाढ लांबीत दिसली असती ती दाबाच्या रूपाने रुळात साठते. हा दाब दर अंशाला प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे २४ किलो भरतो आणि विशेष म्हणजे रूळ कितीही लांब असला तरी तो तेवढाच राहतो. मीटरमागे ६० किलो वजनाच्या रुळाचा छेद सुमारे ७७ चौरस सेंटीमीटर असतो. तो ३० अंशांनी तापला तर एकेका रुळात जवळजवळ ५५ टनांचा दाब उभा राहतो.

एवढा दाब पेलता यावा म्हणून रूळ बसवताना तापमान पाहिले जाते. त्या भागातल्या रुळाचे वर्षभरातले कमाल आणि किमान तापमान लक्षात घेऊन मधले एक तापमान ठरवतात आणि त्या तापमानाला रूळ ताणमुक्त अवस्थेत पक्का करतात, म्हणजे उन्हाळ्यातला दाब आणि हिवाळ्यातला ताण दोन्ही मर्यादेत राहतात. भर उन्हात पोलादाचे तापमान हवेपेक्षा १५ ते २० अंशांनी अधिक असू शकते, त्यामुळे हवामान खात्याच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. रुळालाच तापमापक लावावा लागतो. खडी विस्कटलेली असेल किंवा चाप ढिले असतील, तर मे महिन्याच्या दुपारी रूळ आडवा फुगून वाकडा होण्याचा धोका असतो. थंडीच्या पहाटे उलट ताण वाढतो आणि वेल्डिंगच्या जागी रूळ तुटण्याची शक्यता असते. म्हणूनच ट्रॅकमनांची खास गस्त उन्हाळ्यात दुपारच्या कडक उन्हात आणि हिवाळ्यात रात्री व पहाटेच्या थंडीत ठेवलेली असते.